पाव फेरा

आमचं घर गॅरेजच्या मागे होतं असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर गॅरेज पुढे होतं आणि उरलेल्या जागेत आम्ही राहत होतो. खंडाळ्याचा घाट चढून गाडी लोणावळ्याकडे निघाली की डाव्या हाताला पत्र्याची लांबलचक शेड, शेडमध्ये गाड्यांखाली उतरायचा खड्डा, खड्ड्याच्या पलीकडे एक दार आणि दाराच्या आत थेट आईची चूल. दार उघडं राहिलं की भाताला पेट्रोलचा वास लागतो, असं आईचं म्हणणं. दार बंद केलं की रस्त्यावरचं काही ऐकू येत नाही, असं वडिलांचं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. या भांडणात कोणीच जिंकलं नाही, त्यामुळे ते दार माझ्या सगळ्या लहानपणात अर्धं उघडं राहिलं. त्या अर्ध्या दारातून घाट चढणाऱ्या ट्रकचा रडवेला आवाज घरात यायचा आणि घरातला फोडणीचा ठसका गॅरेजमध्ये जायचा. जेवताना आम्ही बोलायचो ते ओरडूनच. पुढे लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा सासूबाईंना वाटलं, सून भांडखोर आहे. तशी मी आहेच, पण ओरडण्याचं कारण ते नव्हतं.

तांदूळ मळवलीचा, आमच्याच शेतातला. काका शेत बघायचे आणि सुगी झाली की इंद्रायणीची पोती टेम्पोत घालून आणून द्यायचे. नवा तांदूळ आला की आई पहिले काही दिवस पातेल्यासमोरून हलायची नाही. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुना होत जाईल तसं वाढवावं लागतं, आणि हात जुन्या सवयीनं पडला की भाताची पेज होते. भात, पावट्याची आमटी, तव्यावर रगडलेला ठेचा, एवढंच रोजचं. पण गॅरेजमध्ये दिवसभर ग्रीस खाल्लेल्या माणसांना ते पंचपक्वान्न वाटायचं.

आबांचा धंदा घाटावर चालायचा. घाट गाड्या तापवायचा आणि आबा त्या निववायचे. रोज सकाळी पाण्याचे कॅन भरून रस्त्याच्या कडेला रांगेत ठेवायचे, मग चहा. नऊ वाजले की मुंबईच्या गाड्या वाफ सोडत यायला लागायच्या. पाणी, पट्टे, क्लचप्लेटा, फुटलेले होज, सगळं आबा करायचे; पण त्यांचं नाव झालं ते एका भलत्याच कामानं, आणि ते काम त्यांना कोणी सांगितलेलं नसायचं. मुंबईची गाडी तिथल्या हवेवर बसवलेली असते. वर आमच्याकडे हवा विरळ. गाडीला पेट्रोल तेवढंच मिळतं आणि हवा कमी पडते, मग ती काळा धूर सोडते, जड चालते, खोकते. गिऱ्हाईक रेडिएटरमध्ये पाणी भरून घ्यायला थांबलेलं असायचं. आबा बॉनेट उघडंच आहे म्हणून खिशातला बुटका स्क्रू ड्रायव्हर काढायचे, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचे आणि बॉनेट लावून टाकायचे. गाडी पुण्याकडे अशी हलकी निघायची की परत येताना माणूस मुद्दाम थांबायचा. "काय केलंत हो मिस्त्री?" आबा म्हणायचे, "काय न्हाई, पाव फेरा." आमच्या आजूबाजूच्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी तो उचलला होता, पण नाव आबांचंच होतं.

माझा थोरला भाऊ दिनकर, म्हणजे दादा, शाळा सोडून खड्ड्यात उतरला तो तिथलाच झाला. मी बारावी झाले, पुढे शिकायला पुण्याला जायचं की नाही याचा काथ्याकूट घरात चालू होता, आणि तो चालू असेपर्यंत मी गॅरेजमध्ये प्लग वाचत होते. स्पार्क प्लग काढला की त्याच्या टोकाचा रंग बघायचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर हवा जास्त, इंजिन आतून भाजतंय. आणि चांगल्या भाकरीवर जे तांबूस डाग पडतात तसा रंग असेल, तर गाडी सुखी. दादा मला प्लग दाखवल्याशिवाय कुठलीही गाडी सोडत नसे. "शकू, बघ गं," असं म्हणून तो काळ्या बोटांत प्लग धरून चुलीपर्यंत यायचा आणि आई त्याला हाकलायची.

त्या वर्षी सकाळ-संध्याकाळ डोंगरात सुरुंग उडत होते. नवा मोठा रस्ता येत होता, बोगद्यांतून, आमच्या गावाला बाजूला टाकून. सुरुंग उडाला की आमच्या पत्र्यावरची धूळ चहाच्या कपात पडायची. आबा कप झटकून परत तोंडाला लावायचे आणि म्हणायचे, "रस्ता कुटनं बी जाऊ दे, गाडी तापणारच." दादाला मात्र कळलं होतं. नव्या रस्त्याला चढ कमी, नव्या गाड्या तापत नाहीत, आणि तापली तरी ती आमच्यापाशी तापणार नव्हती. तो रात्रंदिवस एकच विचार करायचा, की घाटावाचून चालेल असा धंदा कुठला.

तेव्हा कपाडिया बाई आल्या. खंडाळ्याला त्यांचा बंगला होता, नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, आणि नवऱ्यानं परदेशातून आणलेली एक स्पोर्ट्‌स कार त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. गडद हिरवी, बिनछपराची, दोन माणसांची, इतकी बुटकी की खड्ड्यावर घेतली तर चाकं फळीवरून घसरतील अशी आम्हाला धास्ती. बाई साठीच्या, कॅनव्हासचे बूट घालायच्या, आणि दादाला पहिल्या दिवसापासून "दिनकर" अशी पूर्ण हाक मारायच्या. ते ऐकून दादा ताठ व्हायचा. त्यांच्या मुंबईच्या क्लबाची एक शर्यत ठरली होती. जुन्या गाड्या, खोपोलीहून एकेक सोडायच्या, आणि घाट कोण किती लवकर चढतो ते बघायचं. बाईंची गाडी खोकत होती. दादानं हात लावला आणि पहिल्याच दिवशी ती अर्धी शहाणी झाली.

"मला पहिलं यायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण क्लबातल्या सगळ्यांच्या गाड्या अशाच आजारी आहेत आणि मुंबईत आता कोणाला हे जुनं काम येत नाही. हिला एकदा सगळ्यांसमोर नीट चढू दे. मग त्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे. वर्षभर. रस्ता कुठूनही जाऊ दे."

बाई गेल्यावर दादा पाना हातातच घेऊन चुलीकडे निघाला. मग आत येऊन आईला म्हणाला, "आई, वाचलो आपुन." आई म्हणाली, "आदी हात धू."

पुढचे दिवस मला आजही लख्ख आठवतात, आणि आठवले की राग येतो, कारण इतका आनंद आमच्या घरात त्याआधी नव्हता आणि नंतरही आला नाही. त्या गाडीला कार्बोरेटर दोन. दोन्ही सारखे ओढायला हवेत, नाहीतर एक बैल गाडा ओढतोय आणि दुसरा नुसता चालतोय अशी गत. दादानं रबरी नळीचा तुकडा घेतला, एक टोक माझ्या कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेचा सूं आवाज येतो. इकडचा ऐकायचा, मग तिकडचा, आणि दोन्ही एकसारखे होईपर्यंत "अजून थोडा, अजून थोडा, बास" असं सांगत राहायचं. माझे कान ओरडण्याच्या घरात वाढलेले. पण तो आवाज मला बरोबर कळायचा. मग मिक्चर, म्हणजे हवेत पेट्रोल किती ते. आमच्याकडच्या गाड्यांना बारीक स्क्रू असायचा, त्यानं गाडी उभी असतानाचं आणि संथ चालतानाचंच मिक्चर बदलायचं. हिच्या कार्बोरेटरला खाली षट्कोनी नट होता, आणि तो फिरवला की पहिल्या गियरपासून शेवटपर्यंत सगळंच बदलत होतं.

"आबा, ह्यो नट लय मोटा मानूस हाय," दादा म्हणाला. "एक पैलू फिरवला की अख्खी गाडी बदलती."

"मंग एकेक पैलूच फिरव," आबा म्हणाले. "सबुरीनं."

रोज पहाटेचं धुकं सरलं की वलवणच्या सरळ रस्त्यावर गाडी काढायची, बाई चालवायच्या, दादा शेजारी. पूर्ण पळवून तशीच बंद करायची आणि प्लग काढायचे. मी रस्त्याच्या कडेला फडकं पसरून बसलेली. "काळा हाय अजून." नट एक पैलू वर, म्हणजे पेट्रोल जरा कमी. परत पळव. "अजून काळाच." परत एक पैलू. आई डब्यात भाकरी-पिठलं द्यायची, बाई बॉनेटला टेकून ते बोटांनी खायच्या आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं की हसायच्या. गाडी दिवसागणिक हलकी होत गेली. एका सकाळी ती वलवणच्या रस्त्यावर अशी काही सुटली की तिचा आवाज खोकण्याचा राहिलाच नाही, एकच सलग सूर झाला. प्लग काढला तर टोकाला भाकरीचा रंग. मी ओरडले, "झाली!" बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. म्हणाल्या, "ही अशी पळायची, हे मी विसरलेच होते." त्यांनी डोळे पुसले ते ठेच्यानं नव्हे.

शर्यतीच्या आदल्या दुपारी आबा हात पुसत गाडीपाशी आले. इतके दिवस ते लांबूनच बघत होते. मुलाचं काम मुलाला करू द्यावं असा त्यांचा हिशेब. बॉनेटमध्ये वाकून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "दिन्या, पाना दे. शेवटचा माज्या हातचा." दादानं हसत पाना दिला. आबांनी दोन्ही नट एकेक पैलू वर घेतले. त्यांच्या मनात तो त्यांचा पाव फेराच होता. जाणाऱ्या गाडीला द्यायचा असतो तसा, लेकीच्या हातावर दही घालावं तसा. मग परत वलवणला पळवली. गाडी आणखी तडफदार झाली. प्लग पाहिले, रंग किंचित फिकट, पण चांगला. मी तसं सांगितलं, आणि मी बरोबर सांगितलं. आजही मी तेच म्हणेन. वर, आमच्या हवेत, ती गाडी बरोबर होती.

सकाळी कडाक्याची थंडी होती. बाई आणि दादा उजाडतानाच गाडी घेऊन घाट उतरून खोपोलीला गेले. उताराला इंजिनला काम नसतं, गाडी मजेत गेली. मी आणि आबा वरच्या एका मोठ्या वळणावर कठड्याशी उभे राहिलो. तिथून खालचा रस्ता तुकड्यातुकड्यानं दिसतो, पण आवाज मात्र अख्खा येतो. आबांनी सवयीनं पाण्याचा कॅन बरोबर आणला होता. एक गाडी वर आली, खोकत. दुसरी आली, काळा धूर सोडत. आबा माझ्याकडे बघून नुसते हसले; त्या हसण्यात सबंध वर्षभराचं काम होतं. मग खालून आमच्या गाडीचा आवाज आला. तो मी हजार गाड्यांत ओळखला असता. सलग, चढा, कुठे न अडखळणारा. पहिल्या चढाला तो इतका सुंदर होता की कठड्याशी उभी असलेली क्लबाची माणसंसुद्धा वाकून बघायला लागली. आबांनी माझा खांदा धरला. आबा कधी कोणाला हात लावत नसत.

मग त्या सुरात बारीक टकटक आली. कोणी नखानं पत्र्यावर वाजवावं तशी. मला वाटलं, भास आहे. आबांचा हात खांद्यावर घट्ट झाला तेव्हा कळलं की भास नाही. टकटक वाढली, मग एकदम एक फटका, आणि सूर तुटला. गाडी तीन पायांवर लंगडत थोडी चालली आणि थांबली. नंतर खालून काहीच आलं नाही. पुढची गाडी आली, खोकत, काळा धूर सोडत, आणि आमच्यासमोरून वर निघून गेली.

आमच्या जीपनं ओढून आणली तिला. खड्ड्यावर घेतली, दादानं प्लग काढले आणि त्यातला एक माझ्या हातात दिला. टोक खडूसारखं पांढरं. त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटलेले. आतला पिस्टन वितळून त्याचे थेंब प्लगवर उडाले होते. पिस्टनला भोक पडलं होतं, बोट जाईल एवढं. दादा खड्ड्याच्या काठावर बसला. मग त्याच्या लक्षात आलं ते त्यानं हळूच सांगितलं.

"आबा, खाली हवा दाट हाय. त्यात सकाळची थंडी. आपुन पेट्रोल बसवलं वरच्या हवेवर, आन् पळवली खालच्या हवेत. उपाशी पळली ती. भाजली आतनं."

"व्हय," आबा म्हणाले.

अर्ध्या दारातून आई ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी जुन्या तांदळाला नव्याचं पानी घातलं म्हना की." तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

हे आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून होणं शक्य नव्हतं. खोपोलीचा मिस्त्री असता तर त्यानं खालच्या हवेवर बसवली असती. मुंबईचा असता तर त्यानं नटाला हात लावला नसता. आमचा सगळा जन्म गाड्या वर येण्याची वाट बघण्यात गेला होता. वर येणारी गाडी पेट्रोल जास्त पिते, ते कमी करायचं, हे आम्हाला इतकं पाठ होतं की गाडी खाली नेऊन वर पळवायची आहे हे माहीत असून डोक्यात आलं नाही. आता गाड्यांच्या धुरांड्यातच एक बोटभर वस्तू बसवलेली असते, ती क्षणोक्षणी हवा मोजते आणि कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. सुट्टीच्या दिवशी पोरं लोणावळ्याला येऊन बंदुकीसारखे आवाज काढत फिरतात. त्यांना घाट लागला कधी आणि संपला कधी हे कळतसुद्धा नसेल. मला त्यांचा राग येतो. येऊ नये, पण येतो.

कपाडिया बाई रागावल्या नाहीत. "माणसांना काही झालं नाही ना, मग झालं," म्हणाल्या, दादाच्या पाठीवर हात ठेवला, "पुढच्या वेळी बघू." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या देणारं गिऱ्हाईक परत येतं. दोन दिवसांनी टेम्पो आला आणि गाडी ताडपत्रीखाली मुंबईला गेली. क्लबातलं कोणी आमच्याकडे आलं नाही. का यावं त्यांनी?

मग नवा रस्ता सुरू झाला. सुरुंग थांबलेच होते, आता ट्रकही थांबले. आबा सकाळी पाण्याचे कॅन भरून रांगेत ठेवायचे आणि संध्याकाळी तसेच भरलेले आत घ्यायचे. आईनं एके दिवशी ते मधलं दार सताड उघडून टाकलं; भाताला लागायला आता पेट्रोलचा वासच उरला नव्हता. जेवताना आम्ही जुन्या सवयीनं ओरडून बोलायला लागायचो आणि दचकून गप्प व्हायचो. माझं पुण्याला जायचं ठरून गेलं; आता मला अडवून ठेवण्यासारखं गॅरेजमध्ये काही नव्हतं.

मी निघायच्या आदल्या आठवड्यात एक जुनी गाडी वर आली. म्हातारा-म्हातारी, दरवर्षी येणारं गिऱ्हाईक, नव्या रस्त्याची भीती वाटते म्हणून जुन्या घाटानं आलेले. काळा धूर, खोकला, सगळं अगदी पूर्वीसारखं. आबा धावलेच. पाणी भरलं, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, बॉनेटमध्ये वाकले, आणि वाकलेल्या अवस्थेतच थांबले.

"तुमी परत खाली जानार का फुडं पुन्याला?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"खाली. उद्या परत मुंबई," म्हातारबुवा म्हणाले. "द्या ना मिस्त्री तुमचा तो पाव फेरा. मागच्या वर्षी काय सुंदर चालली होती."

आबा सरळ उभे राहिले. बॉनेट लावलं. "ती चूक हुती," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. चालती तशी चालू द्या."

चूक नव्हती हो. त्या बारीक स्क्रूच्या साध्या गाड्यांना पाव फेऱ्यानं कधी काही झालं नाही, कधी होणारही नव्हतं. त्या गाड्या आमच्या दारातून खरोखरच हलक्या होऊन जात होत्या. हे मी आबांना नंतर किती वेळा सांगितलं, त्यांच्या शेवटच्या आजारातही सांगितलं. ते मान हलवायचे, मला बरं वाटावं म्हणून. त्या दिवशी दादा शेडमध्ये व्हाईसमध्ये लोखंड आवळून कानस मारत होता. त्यानं ते ऐकलं, कानस खाली ठेवली आणि परत उचलली नाही. पुढच्या महिन्यात तो आंबीच्या एका कारखान्यात लागला. तिथे एकसारखा एकच नट आवळायचा असतो, आणि किती आवळायचा ते मशीन ठरवतं. तो तिथूनच निवृत्त होईल.

म्हातारा-म्हातारी निघून गेले. आबा रस्त्याकडे पाठ करून वळले, हातातला स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसला आणि माझ्याकडे दिला. "शकू, ह्यो आत ठेव." मी तो आत नेऊन चुलीशेजारच्या फळीवर ठेवला. तो त्यांनी परत कधी मागितला नाही.